पटावरची वीस अंकी संख्या: वहीत मांडायची, तपासायची आणि फोडायची कशी

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरली तर एकूण दाणे किती? गोष्ट सगळ्यांना येते, म्हणून ती इथे सांगत नाही. उत्तर मात्र फार थोड्यांना येतं. वैनगंगेच्या काठावरच्या आमच्या शाळेत दर हिवाळ्यात हे गणित घालतो आणि दर हिवाळ्यात त्याच चुका तपासतो. कुणी एक दाणा जास्त धरतो, कुणाचे शेवटचे पाच अंक शून्य निघतात, कुणाचा स्वल्पविराम भलत्याच जागी पडतो. उत्तर बरोबर आलं तरी ते बरोबर आहे हे कसं कळलं, ते सांगता येत नाही. माझ्या मते खरी उणीव हीच.

संख्या आहे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. ती आता झाकून ठेवा आणि खालच्या क्रमाने स्वतः काढा. क्रम मोडू नका, कारण पुढचा टप्पा मागच्या ताळ्यावर उभा आहे.

तयारी

चौकटींची वही घ्या आणि एका चौकटीत एकच अंक लिहा. बिनरेघी कागदावर वीस अंकी बेरीज मांडली की आकडे तिरपे घसरतात, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. पेन्सिल वापरा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याचं काम पाचव्या टप्प्यात आहे.

दोनचे घात १६पर्यंत पाठ हवेत: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६, ८१९२, १६३८४, ३२७६८, ६५५३६. पाठ नसतील तर वहीच्या पहिल्या पानावर घात क्रमांकासह उतरवून घ्या. क्रमांक न लिहिता नुसती रांग लिहिली तर पुढे एखादी पायरी हमखास चुकते.

मुलांना घेऊन बसणार असाल तर अंगणात खडूने आठ बाय आठचा पट काढा आणि पहिली ओळ खरोखर दाण्यांनी भरा. २५५ दाणे लागतात, दहा मिनिटांत होतं. दुसरी ओळ मोजून भरायला जाऊ नका, तिथे तराजू लागेल.

टप्पा १: काय काढायचं आहे ते नेमकं ठरवा

पहिल्या घरात १ दाणा आहे, म्हणजे २चा शून्यावा घात. दुसऱ्यात पहिला घात, तिसऱ्यात दुसरा. घराचा क्रमांक आणि घात यांत कायम एकाचं अंतर राहतं. म्हणून चौसष्टाव्या घरात २चा ६३वा घात येतो, ६४वा नाही. त्या एकट्या घरातले दाणे ९२२३३७२०३६८५४७७५८०८.

आता सगळ्या घरांची बेरीज. इथे सूत्र पाठ करू नका, हातात एक जादा दाणा घ्या. पहिल्या घरातला १ आणि हातातला १ मिळून २, म्हणजे दुसऱ्या घराएवढे. त्यात दुसऱ्या घरातले २ मिळवले की ४, तिसऱ्या घराएवढे. त्यात ते ४ मिळवले की ८. जादा दाणा सोबत असेल तर आतापर्यंतची बेरीज नेहमी पुढच्या घराएवढी होते. चौसष्ट घरं संपली की ती पासष्टाव्या घराएवढी, म्हणजे २चा ६४वा घात झालेली असेल. तो जादा दाणा परत खिशात टाका. एकूण दाणे = २चा ६४वा घात उणे १.

ताळा: चारच घरांचा पट घ्या. १ + २ + ४ + ८ = १५, आणि १६ – १ = १५.

सावधान: उणे १ सर्वांत शेवटी करायचं. मधल्या एखाद्या पायरीत ते उरकून घेतलं आणि मग वर्ग केला, तर सगळं उत्तर बिघडतं.

टप्पा २: उत्तराआधी उत्तराचा अंदाज

हा टप्पा मुलं गाळतात. गाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

२चा १०वा घात १०२४, म्हणजे हजाराहून थोडा जास्त. ६०वा घात म्हणजे असा हजार सहा वेळा घेऊन एकमेकांशी गुणलेला, १ वर १८ शून्यांहून थोडा जास्त. उरलेले चार घात म्हणजे १६. तेव्हा उत्तर १६ वर १८ शून्यं यापेक्षा थोडं मोठं असणार. वीस अंक नक्की. एकोणीस किंवा एकवीस आले तर पुढे जायचंच नाही.

शेवटचा अंक: दोनचे घात २, ४, ८, ६ या चौकडीने संपतात. ६४ला ४ने भाग जातो, म्हणून शेवटी ६.

शेवटचे दोन अंक काढायचे असतील तर २चा २०वा घात लक्षात ठेवा, १०४८५७६. तो ७६ने संपतो, आणि ७६ × ७६ = ५७७६, पुन्हा ७६च. म्हणून ४०वा आणि ६०वा घातही ७६नेच संपतात. ७६ × १६ = १२१६, म्हणजे ६४व्या घाताच्या शेवटी १६, आणि आपल्या संख्येच्या शेवटी १५.

टप्पा ३: तीन वर्ग, बस

चौसष्ट वेळा दुप्पट करत बसू नका. एका ठिकाणी हातचा विसरला की तिथून पुढचं सगळं वाया जातं. ८व्या घाताचा वर्ग केला की १६वा घात मिळतो, त्याचा वर्ग केला की ३२वा, आणि त्याचा वर्ग म्हणजे ६४वा.

पहिला वर्ग: २५६ × २५६ = ६५५३६.

दुसरा वर्ग: ६५५३६चे ६५००० आणि ५३६ असे दोन भाग करा.
६५०००चा वर्ग = ४२२५००००००
दुप्पट गुणाकार, २ × ६५००० × ५३६ = ६९६८००००
५३६चा वर्ग = २८७२९६
बेरीज = ४२९४९६७२९६

तिसरा वर्ग इतका सोपा नाही. ४२९४९६७२९६चे मधोमध दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६. डावा तुकडा खरं तर ४२९४९ वर पाच शून्यं आहे, हे बाजूला लिहून ठेवा. वर्ग काढताना सोयीची संख्या शेजारीच सापडते: ४२९४९ म्हणजे ४३००० – ५१, आणि ६७२९६ म्हणजे ६७३०० – ४.

४२९४९चा वर्ग = १८४९०००००० – ४३८६००० + २६०१ = १८४४६१६६०१
४२९४९ × ६७२९६ = २८९३७२८००० – ३४३२०९६ = २८९०२९५९०४, त्याची दुप्पट ५७८०५९१८०८
६७२९६चा वर्ग = ४५२९२९०००० – ५३८४०० + १६ = ४५२८७५१६१६

आता शून्यं लावा. पहिल्याला दहा, मधल्याला पाच, शेवटच्याला एकही नाही. एकाखाली एक मांडा:

१८४४६१६६०१००००००००००
५७८०५९१८०८०००००
४५२८७५१६१६

उजव्या कडा जुळल्या पाहिजेत. चौकटींची वही मागितली ती याच जागेसाठी. बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६.

सावधान: मधल्या गुणाकाराची दुप्पट राहून जाणं ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक. ती केली तर १८४४६४५५०४४११९१५१६१६ येतं. नीट बघा, यातही वीस अंक आहेत आणि शेवटी १६च आहे. टप्पा २चा अंदाज ही चूक पकडत नाही. ती पुढच्या ताळ्यात सापडते, म्हणून उत्तराखाली रेघ मारायची घाई करू नका.

टप्पा ४: नऊचा ताळा आणि अकराचा ताळा, दोन्ही

नऊचा ताळा आपल्याकडे अनेकांना येतो. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची. ४२९४९६७२९६च्या अंकांची बेरीज ५८, मग १३, मग ४. वर्ग केला म्हणून ४ × ४ = १६, म्हणजे ७. उत्तराच्या वीस अंकांची बेरीज ८८, मग १६, मग ७. जुळलं. दुप्पट विसरलेल्या उत्तराची बेरीज ७६, मग १३, मग ४ येते. तिथे चूक उघडी पडते.

पण नऊचा ताळा आंधळा असतो ती एक जागा आहे. दोन अंक अदलाबदल होऊन लिहिले गेले तर बेरीज तीच राहते. ५५१६१६च्या जागी ५५६११६ उतरवलं तरी नऊचा ताळा गप्प बसतो. पानावरून पानावर उतरवताना नेमकी हीच चूक होते, म्हणून अकराचा ताळा करायचाच.

उजवीकडून एक सोडून एक अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा यांची एक बेरीज. दुसरा, चौथा, सहावा यांची दुसरी. पहिलीतून दुसरी वजा करा आणि ११ने भागून बाकी ठेवा. वजाबाकी ऋण आली तर धन होईपर्यंत ११ मिळवत जा.

४२९४९६७२९६साठी: २० – ३८ = –१८, दोनदा ११ मिळवले की ४. वर्ग १६, बाकी ५.
उत्तरासाठी: ६३ – २५ = ३८, बाकी ५. जुळलं.

शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले असते तर ही बाकी हमखास बदलली असती.

दोन्ही ताळे जुळल्यावरच १ वजा करा: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. शेवटचा अंक ६ असल्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही.

टप्पा ५: आता मोबाइल काढा

मागच्या वर्षी आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, माझं चुकलं वाटते. मोबाइलमध्ये तर वेगळंच येऊन राहिलं." तिचं उत्तर बरोबर होतं. तिने ते खोडून टाकलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं, म्हणून हा टप्पा वेगळा लिहितो आहे.

साधा कॅल्क्युलेटर १.८४४६७४४ असं काहीतरी दाखवून पुढे ई १९ लिहितो. त्याचा अर्थ, दशांशचिन्ह १९ घरं उजवीकडे न्या. बाकीचे अंक त्याने दाखवलेलेच नसतात. संगणकावरच्या एक्सेलच्या तक्त्यात २चा ६४वा घात काढला तर १८४४६७४४०७३७०९६००००० दिसतं. हा तक्ता पंधराच अंक दाखवतो, पंधरावा जवळच्या अंकावर आणतो आणि पुढे शून्यं भरतो. त्यातून १ वजा केला तरी काही बदलत नाही, कारण तो एक दाणा त्याच्या नजरेच्या पलीकडचा असतो.

यात एक गंमत आहे. बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची संगणकातली एक जागा. ६४ बिटांच्या एका खणात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे हीच, १८४४६७४४०७३७०९५५१६१५. प्रत्येक बिट म्हणजे पटाचं एक घर, आणि चौसष्टही घरं भरलेली. पूर्ण संख्या म्हणून साठवली तर एकही अंक हरवत नाही. तक्ता मात्र तिला दशांशचिन्हाच्या पद्धतीने साठवतो, तिथे घोळ होतो.

नियम साधा ठेवा: पंधरा अंकांपर्यंत यंत्र, त्यापुढे वही.

टप्पा ६: स्वल्पविराम आणि वाचन

उजवीकडून पहिले तीन अंक, मग दोन-दोन: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. डावीकडून सुरुवात केलीत तर चुकणारच, नेहमी उजवीकडून.

वाचताना अब्ज, खर्व, पद्म, नील, शंख अशी नावं घ्यायचा मोह होतो. माझा सल्ला आहे की घेऊ नका. या नावांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. भास्कराचार्यांच्या यादीत प्रत्येक दहापटीला नवं नाव आहे, त्यामुळे खर्व म्हणजे १ वर दहा शून्यं, आणि शेवटचं परार्ध म्हणजे १ वर सतरा. अब्जानंतर दशअब्ज आणि मग खर्व, अशी शंभरपटीची यादी शिकलेल्याला तोच खर्व अकरा शून्यांचा वाटतो. दोघं एकच शब्द उच्चारतात आणि दहापटीचा फरक पडतो.

त्यापेक्षा कोटीला धरा, कोटीबद्दल कुणाचं दुमत नाही. उजवीकडून सात-सात अंकांचे गट पाडा: १८४४६७ | ४४०७३७० | ९५५१६१५. वाचा: १ लाख ८४ हजार ४६७ कोटी-कोटी, ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. पाचवीतलं पोरही न अडखळता वाचतं.

टप्पा ७: वजन काढा

घरच्या तांदळाचे हजार दाणे मोजा आणि सोनाराच्या काट्यावर किंवा ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोला. एक दाणा तोलायला जाऊ नका. आमच्याकडे हजार दाण्यांचे २० ग्रॅम भरले, पुढचे आकडे त्यावरचे आहेत. तुमचं वाण जाड किंवा बारीक असेल तर ते बदलतील.

पहिल्या दोन ओळी, ६५५३५ दाणे: सुमारे १ किलो ३११ ग्रॅम. तीन ओळी: सुमारे ३३६ किलो, म्हणजे तीन क्विंटलच्या वर. चार ओळी, अर्धा पट: सुमारे ८५९ क्विंटल. इथपर्यंतचं आमच्या शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर आणता येतं. धानाची पोती उचलणाऱ्याला ८५९ क्विंटल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उरलेल्या अर्ध्या पटानंतर एकूण वजन होतं ३६,८९३ कोटी टन. भारतात वर्षाला साधारण १४ ते १५ कोटी टन तांदूळ पिकतो, म्हणजे देशाचं सुमारे अडीच हजार वर्षांचं पीक.

सावधान: ग्रॅमचे किलो करताना १०००ने, किलोचे क्विंटल करताना १००ने, क्विंटलचे टन करताना १०ने भागायचं. घाईत तिन्ही वेळा १००० धरणारे दर वर्षी भेटतात.

टप्पा ८: अवयव पाडा

आता माझा आवडता भाग. वीस अंकी संख्येला ३, ७, ११, १३ असं ओळीने भागत सुटू नका. ३ने भाग जातो. ७, ११, १३ने जात नाही. आणि तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. संख्येची घडण वापरा. ती एका वर्गातून १ वजा करून बनली आहे, आणि वर्ग उणे १ म्हणजे (एक कमी) × (एक जास्त).

६४वा घात उणे १ = (३२वा घात – १) × (३२वा घात + १)
यातला ३२वा घात – १ = (१६वा घात – १) × (१६वा घात + १)

असंच खाली उतरत जा. शेवटी उरतं: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. यातले पहिले पाच मूळ आहेत, म्हणजे १ आणि स्वतः सोडून त्यांना कशानेही भाग जात नाही. पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे ३२वा घात उणे १ येतो का ते पाहून घ्या.

सहावा मूळ वाटतो, आणि फर्मा या गणितज्ञालाही तो तसाच वाटला होता. तो मूळ नाही हे ऑयलर या गणितज्ञाने १७३२मध्ये दाखवलं. पुढे लुकास या गणितज्ञाने सिद्ध केलेला एक नियम आपलं काम फार हलकं करतो: या संख्येचा कोणताही मूळ अवयव १२८च्या पटीपेक्षा १ने जास्तच असतो. म्हणजे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशी रांग, आणि तिच्यातल्याही फक्त मूळ संख्या तपासायच्या. पहिली २५७: बाकी २ उरते. दुसरी ६४१: बाकी शून्य! भागाकार ६७००४१७.

ताळा: ६७००४१७ला ६००, ४० आणि १ने वेगवेगळं गुणा. ४०२०२५०२०० + २६८०१६६८० + ६७००४१७ = ४२९४९६७२९७.

इथे थांबू नका. ६७००४१७ मूळ आहे की तेही फुटतं? त्याचं वर्गमूळ २५८८च्या थोडं पुढे आहे. तिथपर्यंत आपल्या रांगेत मूळ संख्या पाचच सापडतात. भागून बघा, बाक्या अशा याव्यात: २५७ने १७०, ६४१ने ४४, ७६९ने १२०, ११५३ने ३३४, १४०९ने ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. तुमची एखादी बाकी वेगळी आली तर भागाकार पुन्हा मांडा.

पूर्ण फोड: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, दोनच पर्याय. सात वेळा दोन पर्याय म्हणजे १२८ विभाजक. १ आणि ती संख्या स्वतः यांत धरलेली आहेत. मुलं नेमकं हेच दोन विसरून १२६ लिहितात.

सगळे विभाजक लिहायचे असतील तर एकेक करून लिहू नका, जोडीने लिहा: १ची जोडी संपूर्ण संख्येशी, ३ची जोडी ६१४८९१४६९१२३६५१७२०५शी. जोडीतल्या दोघांचा गुणाकार दर वेळी तीच वीस अंकी संख्या यायला हवी. एखाद्याला जोडीदार सापडला नाही तर काहीतरी राहिलं आहे. जोड्या बरोबर ६४ होतात, पटावर जितकी घरं तितक्याच. आमची मुलं मोठ्या कार्डशीटवर पट आखून एकेका घरात एकेक जोडी लिहितात.